गावाचा पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही हे गावात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. २०२३ चा ऑगस्ट आठवा, देशात १९०१ पासूनच्या नोंदी आहेत त्यातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, ऐन शेंगा भरायच्या वेळेला सोयाबीन उभं वाळलं. आणि २०२५ ला मे महिन्यातच मान्सून येऊन धडकला, मशागती तशाच राहिल्या, पुढं सप्टेंबरात सोलापूर, धाराशिव, बीडकडं नद्यांनी पिकासोबत शेतातली मातीसुद्धा नेली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं होतं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्यात. म्हणजे मधे लांबलचक खंड आणि मग एकदम धो धो. कागदावर सरासरी भरलेली दिसते पण पाण्याला जमिनीत मुरायला वेळच मिळत नाही, आणि मार्चमध्ये विहिरी तळ दाखवतात.

मी साताऱ्याच्या माण-खटावच्या पट्ट्यात हे काम करतो. आमच्याकडं आणि आजूबाजूला श्रमदानातून भरपूर कामं झाली, चर, बंधारे, ओढा खोलीकरण, सगळं झालं, विहिरींना पाणी आलं. आणि मग काय झालं, तर पाणी दिसलं म्हणून प्रत्येकानं कांदा वाढवला, कुणी ऊस लावला, आणि दोन-तीन वर्षांत एप्रिल-मे महिन्यात परत टँकर. पाणी अडवायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं पण वापरायचं कसं ते कुणीच ठरवलं नाही, दुखणं तिथं आहे. ताळेबंद म्हणजे तेच ठरवणं. पावसाळा संपताना गावात नेमकं किती पाणी आहे ते मोजायचं, पिण्याचं आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात रब्बीला काय बसतं ते ग्रामसभेत बसून ठरवायचं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावानं पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हे करून दाखवलं, तिथं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, ऊस-केळी लावत नाहीत आणि दरवर्षी पाण्याचा हिशोब ग्रामसभेत मांडतात. पुढं अटल भूजल आणि पोकरा या सरकारी योजनांतून बऱ्याच गावांत ताळेबंद झाले. पण खूप ठिकाणी तो फक्त फाईलमध्ये आहे, कुणीतरी बाहेरून येऊन आकडे भरून गेलं आणि गावाला पत्ताच नाही. म्हणून हे लिहितोय, तुम्ही स्वतः करा, गणित चौथी-पाचवीच्या पुढचं नाही.

काय काय लागेल

- गावनकाशा आणि गट नकाशा (तलाठ्याकडे मिळतो)
- मागच्या दोन-तीन वर्षांचा पीकपेरा, ई-पीक पाहणीतला
- पशुगणनेचे आकडे, पशुवैद्यकीय दवाखान्यातून
- गावातल्या बंधारे, पाझर तलाव, शेततळी यांची यादी, ग्रामपंचायत आणि कृषी खात्याकडून, दोन्हीकडची घ्या कारण त्या जुळत नाहीत
- मंडळाचा पावसाचा आकडा आणि गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक
- ५० मीटरची टेप, पुढं बांधायला वजन, ऑइल पेंट, ब्रश
- जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. मोबाईलमध्ये एक्सेल ठेवा पण रजिस्टर पाहिजेच

अर्ज लिहिताना एक लक्षात ठेवा, तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहाय्यकाचं सहाय्यक कृषी अधिकारी. बोलताना जुनीच नावं चालतात पण अर्जावर नवी लिहिली की तो परत येत नाही.

१. माणसं जमवा, आणि ती सगळ्या शिवारातली हवीत

आठ-दहा जण पुरे. पण ओढ्याच्या वरच्या अंगाचे दोघं, मधले दोघं, खालच्या अंगाचे दोघं असं पाहिजे, कारण वरच्याला वाटतं माझ्याकडं पाणी टिकत नाही आणि खालच्याला वाटतं वरचे अडवून ठेवतात, आणि दोघांनी एकमेकांच्या विहिरी डोळ्यानं बघितल्याशिवाय हा वाद मिटत नाही. बायका पाहिजेतच. पिण्याच्या पाण्याची अडचण कुठल्या वस्तीवर कधी सुरू होते हे त्यांना तारखेनिशी माहीत असतं. ज्यांना जमीन नाही, नुसती शेळ्या-मेंढ्या आहेत अशा घरातला पण एक माणूस घ्या. यांच्या जनावरांचं पाणी हिशोबात कायम राहून जातं.

शाळेतली आठवी-नववीची पोरं सोबत घेतली तर काम फार झटपट होतं. शिवाय पोरं आकडा खोटा लिहीत नाहीत.

२. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिवारफेरी

गट नकाशा घेऊन ओढ्याच्या उगमापासून खाली चालत या. प्रत्येक बंधाऱ्यापाशी थांबा आणि यादीत टिक करा: आहे का, फुटलाय का, गाळ किती, पाणी किती. यादीत असलेले पण जागेवर नसलेले बंधारे सापडतील, त्यावर तिथंच भांडत बसू नका, नोंद करा आणि पुढं चला. गाळानं अर्धा भरलेला बंधारा कागदावर जेवढं पाणी साठवतो तेवढं प्रत्यक्षात साठवत नाही, त्यामुळे कागदावरची साठवणक्षमता जशीच्या तशी उचलू नका.

कोल्हापुरी बंधारे असतील तर बर्गे, म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्याच्या दारात बसवायच्या फळ्या, कुठं आहेत ते याच फेरीत बघून घ्या. बऱ्याच गावात बर्गे गंजलेले, वाकलेले किंवा गायब असतात आणि हे कळतं ऑक्टोबरमध्ये, जेव्हा ओढ्याचं शेवटचं वाहतं पाणी अडवायची वेळ असते. रबर खराब झालं असेल तर तेही लिहून घ्या, फटीतून गळणारं पाणी थोडं वाटतं पण महिनाभरात बंधारा रिकामा होतो.

३. पाऊस: मंडळाचा आकडा घ्या पण त्यावर विसंबू नका

महसूल मंडळाच्या ठिकाणी महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, तिथला पाऊस कृषी खात्याच्या महारेन साइटवर रोज दिसतो. पण मंडळाचं ठिकाण तुमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटर असू शकतं आणि हल्लीचा पाऊस तर एका वावरात पडतो आणि दुसऱ्यात नाही. म्हणून गावात स्वतःचा पर्जन्यमापक लावा, साधा प्लास्टिकचा चालतो, झाड आणि भिंतीपासून लांब, मोकळ्यावर. रोज सकाळी साडेआठला एकाच माणसानं वाचायचा.

नुसती बेरीज लिहू नका, रोजचा आकडा लिहा. ६०० मिमी पाऊस चाळीस दिवसांत पडला आणि तोच दहा दिवसांत पडला यात विहिरीच्या पातळीला फार मोठा फरक पडतो. दिवसाला ६५ मिमीच्या वर गेला की सरकारी भाषेत अतिवृष्टी, त्या दिवसांवर खूण करा, पुढं नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळी पण हे रजिस्टर कामाला येतं.

४. विहिरी मोजणं (इथं घाई करायची नाही)

सगळ्या ताळेबंदाचा पाया हा आहे. इथं आकडा चुकला तर पुढचं सगळं वाया.

गावात दोनशे विहिरी असल्या तरी सगळ्या मोजायची गरज नाही, पंधरा-वीस निवडा. ओढ्याच्या वरच्या, मधल्या, खालच्या अशा तिन्ही अंगाच्या हव्यात. बंधाऱ्याला अगदी खेटून असलेली, कॅनॉलच्या शेजारची किंवा टँकरनं पाणी ओतलेली विहीर घेऊ नका, ती खोटं चित्र दाखवते. बोअर तर नकोच. एक तर मोटार आणि पाइपमुळे टेप आत जात नाही, आणि दुसरं म्हणजे खोल बोअरचं पाणी हे यंदाच्या पावसाचं असेलच असं नाही, खालच्या थरात वर्षानुवर्षं साठलेलं असतं ते. "माझं बोअर चालू आहे म्हणजे गावात पाणी आहे" हे वाक्य प्रत्येक सभेत ऐकायला मिळेल, त्याला हे उत्तर.

मोजायची पद्धत अशी. आदल्या संध्याकाळपासून मोटार बंद पाहिजे. शेतीची लाईट एका आठवड्यात दिवसा आणि एका आठवड्यात रात्री असते, तर ज्या आठवड्यात दिवसाची लाईट आहे तोच निवडायचा आणि सकाळी लाईट यायच्या आत सगळ्या विहिरी उरकायच्या, म्हणजे रात्रभरात पाणी आपल्या मूळ पातळीला आलेलं असतं. कठड्यावर एका जागी पेंटनं लाल बाण काढा, दरवेळी टेप तिथूनच सोडायची. टेपच्या टोकाला वजन बांधा, वाकून न बघता हळूहळू सोडा, वजन पाण्याला टेकलं की टेपचा ताण बदललेला हाताला कळतो आणि बारीक आवाजही येतो, दोनदा वर-खाली करून खात्री करा. मग टेपचा आकडा उणे कठड्याची उंची. कठडा एक मीटरचा असेल आणि टेपवर ७.२० आलं तर पाणी जमिनीपासून ६.२० मीटरवर आहे. ही कठड्याची वजाबाकी विसरतात लोक, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी कठडा वाढवला की पातळी एकदम खाली गेल्यासारखी दिसते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए, वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्ही पण याच महिन्यांत मोजा म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतं. पहिल्या वर्षी किमान मे आणि ऑक्टोबर हे दोन आकडे पाहिजेतच, कारण आपल्याला हवा आहे तो या दोन्हीतला फरक. मे मधला आकडा नसेल तर जीएसडीएच्या जिल्हा कार्यालयात जाऊन तुमच्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरीचा मागा, देतात.

५. जमा बाजू

आता गणित. खाली घेतलेले आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे टाका.

एककं आधी पक्की करा, निम्मे घोळ इथंच होतात. १ मिमी पाऊस १ हेक्टरवर पडला म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. १,००० घनमीटर म्हणजे १ टीसीएम, म्हणजे १० लाख लिटर. सगळा हिशोब टीसीएममध्येच ठेवा. आणि एकर आणि हेक्टर एकाच कागदावर मिसळू नका.

धरा, गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ६०० मिमी. एकूण पडलेलं पाणी ६,००० टीसीएम. हा आकडा ऐकला की सभेत सगळ्यांचे चेहरे खुलतात, एवढं पाणी! पण यातलं बरंचसं पिकानं आणि झाडोऱ्यानं घेतलेलं असतं, उन्हानं उडालेलं असतं आणि ओढ्यानं गावाबाहेर गेलेलं असतं. आपल्या हातात राहतं ते जमिनीत मुरलेलं आणि बंधाऱ्यात थांबलेलं.

मुरलेलं असं काढा: क्षेत्र × विहिरींच्या पातळीतली सरासरी वाढ × खडकाचा टक्का, म्हणजे खडकात पाणी किती टक्के बसतं तो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बसाल्ट खडकाचा, त्यात पाणी राहतं ते फक्त भेगा आणि मुरमाच्या थरात, त्यामुळे हा टक्का १ ते ३ च्या दरम्यानच असतो. तुमच्या भागाचा नेमका किती धरायचा ते जीएसडीएच्या भूवैज्ञानिकाला विचारा. आपण २ टक्के धरू. डोंगराचं क्षेत्र सोडून ८०० हेक्टर, पातळीतली वाढ ४ मीटर, तर ८० लाख चौरस मीटर × ४ × ०.०२ म्हणजे ६,४०,००० घनमीटर, ६४० टीसीएम. म्हणजे पडलेल्या पावसाच्या साधारण दहा टक्के. हा आकडा सभेत मोठ्यानं वाचा, कारण चार मीटर पाणी वाढलं की डोळ्याला विहीर भरलेली दिसते पण खडकात पाणी एवढंसंच असतं.

बंधारे आणि तलावात दिसणारं पाणी ६० टीसीएम धरू. इथं एक सापळा आहे. जे पाणी मुरून विहिरीत आलंय ते आपण वर मोजलंच, ते बंधाऱ्याच्या नावानं परत धरू नका. बंधारा पावसाळ्यात चार वेळा भरला म्हणून क्षमतेला चारनं गुणणारे लोक आहेत, तसं करायचं नाही. ऑक्टोबरमध्ये जे साठलेलं आहे आणि ज्यातून लोक थेट उपसा करतात तेवढंच.

एकूण ७०० टीसीएम. यातलं सगळं उपसता येत नाही आणि उपसूही नये, ७० टक्के वापरायचं धरा. हातात आले ४९० टीसीएम.

शेततळ्यांबद्दल वेगळं सांगायचंय

३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी बसतं, म्हणजे २.२ टीसीएम. पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलेलं शेततळं असेल तर ते जमेत धरा, चांगली गोष्ट आहे. पण आपल्याकडं बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद टाकून त्यात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरतात. हे नवीन पाणी नाही. सगळ्यांच्या खडकातलं पाणी उपसून एकाच्या ताब्यात ठेवलं एवढंच झालं, वर मे पर्यंत त्यातलं मीटरभर तरी ऊन खाऊन टाकतं. ज्यानं शेततळं केलं तो वाईट माणूस आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, फळबाग जगवायला तो धडपडतोय आणि योजनेतून अनुदान मिळालंय. पण ताळेबंदात असं शेततळं जमा बाजूला लिहिलं तर तेच पाणी दोनदा मोजलं जातं. त्याची जागा खर्चाच्या बाजूला.

६. खर्च बाजू: पिण्याचं सगळ्यात वर

क्रम बदलायचा नाही. माणसं, मग जनावरं, मग पिकं.

माणसं १,५००, माणशी रोज ५५ लिटर (जलजीवन मिशनचं प्रमाण हेच आहे), वर्षाचे ३० टीसीएम. मोठी जनावरं ६००, रोज ६० लिटर, १३ टीसीएम. शेळ्या-मेंढ्या ८००, रोज ८ लिटर, २.३ टीसीएम. सगळे मिळून ४६ धरू. पाणी खरं तर आठ महिन्यांचंच लागतं पण पूर्ण वर्षाचं काढून ठेवा, जून कोरडा गेला तर हेच पाणी उपयोगी पडणार आहे.

बघा, माणसं आणि जनावरं मिळून ४९० मधले ४६. म्हणजे टँकर लागतो तो माणसं जास्त पाणी पितात म्हणून नाही.

पिकांना उरले ४४४ टीसीएम. एकरी साधारण गरज अशी धरतात: हरभरा १, गहू १.८, रब्बी कांदा २.४, रब्बी ज्वारीला एक-दोन संरक्षित पाण्याचे (पीक वाळायला लागलं तरच द्यायचं पाणी) ०.४, आणि उसाला ऑक्टोबर ते मे एवढंच धरलं तरी ७ टीसीएम. जमीन भारी की हलकी यावर थोडं इकडं-तिकडं होतं, कृषी सहाय्यकांना दाखवून घ्या.

आता लोकांना विचारा यंदा काय लावणार. घरोघरी जाऊन विचारा, मागच्या वर्षीचा पीकपेरा सोबत ठेवा पण डोळे झाकून धरू नका, काही गटांत शिवारात कांदा असतो आणि नोंदीला भलतंच. धरा असं आलं:

- कांदा १२० एकर: २८८
- गहू १०० एकर: १८०
- हरभरा १५० एकर: १५०
- ऊस १५ एकर: १०५

बेरीज ७२३. आहेत ४४४. तूट २७९ टीसीएम.

७. तूट भरून काढायचे पर्याय आधीच तयार ठेवा

नुसती तूट घेऊन सभेत गेलात तर भांडण होणार हे नक्की. दोन-तीन पर्याय मांडून न्या. वरच्या उदाहरणात एक असा बसतो: कांदा ६० एकर (१४४), गहू २० एकर (३६), हरभरा तेवढाच (१५०), ज्वारी १२० एकर (४८), आणि उभा ऊस काही उपटता येत नाही पण ठिबकवर घेतला आणि ४० टक्के बचत धरली तर ६३. बेरीज ४४१. बसलं.

ज्वारी म्हटलं की तरुण पोरं नाकं मुरडतात, काढणीला मजूर मिळत नाही म्हणतात, आणि ते खरं आहे. पण कडबा लक्षात घ्या. ज्याच्या दावणीला चार जनावरं आहेत त्याला दुष्काळी वर्षात विकतचा चारा काय भावानं पडतो हे विचारा.

ठिबकचं पण एक आहे. ठिबक केलं, पाणी वाचलं आणि वाचलेल्या पाण्यावर अजून दोन एकर कांदा लावला, तर गावाचं काहीच वाचलं नाही. म्हणून ठरावात "ठिबक करू" एवढंच लिहू नका, एकर पण लिहा.

८. ग्रामसभा: खरं काम इथं आहे

वेळ सगळ्यात महत्त्वाची. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते, हरभरा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, गहू नोव्हेंबरात, आणि रब्बी कांद्याचं बी लोक ऑक्टोबरलाच टाकतात. नोव्हेंबरच्या शेवटी ताळेबंद वाचून दाखवला तर त्याला कुणी विचारत नाही, रोपं तयार असतात आणि पैसे गुंतलेले असतात. म्हणून दोन टप्पे करा. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तोवरच्या पावसावर आणि विहिरींवर कच्चा अंदाज सांगा, "यंदा हात आखडता घ्यावा लागेल असं दिसतंय" एवढा निरोप जरी वाड्या-वस्त्यांवर गेला तरी ज्वारी वाढते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आधीच घालून घ्या, त्यासाठी ग्रामसेवकांना वेळेत लेखी द्या, आयत्या वेळच्या विषयात नको. परतीचा पाऊस संपून पक्के आकडे आले की ऑक्टोबरच्या मध्याला विशेष ग्रामसभा.

त्याआधी महिला ग्रामसभा होते, तिथं हा विषय नीट मांडा, घाईघाईत सह्या घेऊन उठू नका. पिण्याच्या पाण्याचा ठराव तिथून आला की मुख्य सभेत तो मागं घ्यायची कुणाची हिंमत होत नाही, हे मी जवळून बघितलंय.

सभेत आकडे भिंतीवर मोठ्या कागदावर लावा. जमा डावीकडं, खर्च उजवीकडं. प्रोजेक्टर नको, स्लाईड पुढं गेली की आकडा गेला, कागद शेवटपर्यंत समोर राहतो. विहिरींचे आकडे ज्याच्या त्याच्याकडून वाचून घ्या, ज्याची विहीर त्यानं उठून सांगायचं. एका सभेत एक तात्या उठले आणि म्हणाले, "माझी विहीर, माझी मोटार, मी काय लावायचं हे तुम्ही कोण सांगणार?" सगळे गप्प. मग त्यांच्याच शेजारची एक सून उभी राहिली, "तात्या, तुमची मोटार चालू झाली की आमच्या विहिरीचं पाणी हातभर उतरतंय, दोन्ही विहिरी आम्हीच मोजल्यात, वही बघा." तात्यांनी वही हातात घेऊन बघितली, चार तारखांचे आकडे होते. ते लगेच कबूल झाले असं नाही, पण त्या वर्षी त्यांनी कांदा निम्म्यावर आणला. म्हणून सांगतो, भाषण करू नका, वही पुढं करा.

ठरावात एवढं तरी यावं:

- पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळच्या उपशावर निर्बंध. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हे ठरावात स्पष्ट लिहा
- पीकनिहाय एकर, वस्तीनिहाय वाटून
- उन्हाळी पीक घ्यायचं की नाही, आणि कुठल्या विहिरींची पातळी किती खाली गेल्यावर थांबायचं
- यंदा नवीन ऊस नाही
- देखरेख कोण करणार, नावानिशी

दंडाच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. दंड वसूल होत नाही आणि गावात दोन गट पडतात, मग पुढच्या वर्षी ताळेबंद मांडायलाच कुणी येत नाही. छोट्या शेतकऱ्याला मात्र सांभाळा: ज्याच्याकडं दीड एकर आहे त्याला आणि ज्याच्याकडं वीस एकर आहे त्याला एकच टक्केवारी लावली तर लहानाचं घर चालणार नाही. एका गावानं पहिला एक एकर सगळ्यांना मोकळा ठेवला आणि कपात त्याच्या वर लावली, मला ते फार पटलं.

९. जानेवारी आणि मार्चची मोजणी सोडू नका

लोक ऑक्टोबरला उत्साहानं मोजतात आणि मग विसरतात. त्याच विहिरी, तोच लाल बाण, जानेवारीत परत मोजा. अंदाजापेक्षा जास्त उतरली असेल तर फेब्रुवारीत उन्हाळी भुईमूग किंवा मका लावायच्या आधी सांगता येतं. मार्चचा आकडा पिण्याच्या पाण्यासाठी. टंचाईचा प्रस्ताव, विहीर अधिग्रहण, टँकर, यासाठी तहसील आणि पंचायत समितीत जाताना हे रजिस्टर घेऊन गेलात तर बोलणं वेगळं होतं, कारण तुमच्याकडं तारीखवार पातळ्या असतात.

ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फळ्यावर दर मोजणीचा आकडा लिहा. व्हॉट्सॲप ग्रुपवर पण टाका, पण फळा हवाच.

१०. ताळेबंदातून पुढची कामं काढा

दोन वर्षांचे आकडे हातात आले की कुठं काम करायचं ते आपोआप दिसतं. वरच्या अंगाच्या विहिरी पावसाळ्यात फारशा वाढतच नसतील तर डोंगरावर सलग समतल चर आणि झाडं. ओढ्याकाठच्या भरतात पण डिसेंबरातच उतरतात तर बंधाऱ्यातला गाळ आणि गळती बघा. ही कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात आणि रोहयोच्या आराखड्यात वेळेत घाला. ओढा खोलीकरण करताना जेसीबीवाला खोल-खोल जायला बघतो, पक्का खडक लागला की थांबवा, नाहीतर बाजूच्या विहिरींचंच पाणी ओढ्यात उतरून वाहून जातं.

आणि पाणी जास्त झालं तर, याचीही तयारी याच वहीतून करा. ज्या दिवशी अतिवृष्टी झाली त्या दिवशी पाणी कुठून फिरलं, कुठला बांध फुटला, कुठल्या वस्तीचा रस्ता बंद झाला ते नकाशावर लाल पेननं काढून ठेवा. उन्हाळ्यात पाझर तलावाचे सांडवे मोकळे करा, त्यातली बाभळ-घाणेरी काढा, सांडवा तुंबला की पाणी भरावावरून जातं आणि भराव मातीचा असतो. बर्गे मे अखेरच्या आत काढून, मोजून, ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवा आणि संख्येवर दोघांच्या सह्या घ्या. कमी भरले किंवा वाकलेले निघाले तर नव्यांची मागणी जूनमध्येच टाका, मंजूर होऊन यायला पावसाळा जातो.